वर्षनिहाय आणि विभागनिहाय सरासरी श्रेणींची तुलना कशी करावी?

प्रश्न — भूगोल_अध्यापक

सर्वांना सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात गेली चौदा वर्षे भूगोल शिकवत आहे. यंदा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली असून नॅकच्या (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या) मूल्यांकनासाठी विद्यार्थ्यांच्या निकालांचे विश्लेषण मला तयार करायचे आहे. प्राचार्यांनी वरकरणी अगदी साध्या अशा दोन गोष्टी मागितल्या आहेत. प्रथम, द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांची सरासरी श्रेणी किती, ही पहिली. आणि कोणत्या विभागाची सरासरी अधिक व कोणत्या विभागाची कमी, ही दुसरी. याखेरीज 2019-20 पासूनचा कल दाखवणारा आलेखही जोडावा, असे त्यांनी सुचवले आहे.

मी 2024-25 च्या निकालाची लेजर (विद्यापीठाची गुणनोंदवही) एक्सेलमध्ये उतरवून घेतली, प्रत्येक विद्यार्थ्यासमोरचा सीजीपीए (आतापर्यंतच्या सर्व सत्रांची दहापैकी सरासरी श्रेणी) घेतला आणि वर्षनिहाय सरासरी काढली. प्रथम वर्षाची सरासरी 6.4, द्वितीय वर्षाची 6.7 आणि तृतीय वर्षाची 7.2 आली. विभागांमध्ये मराठी विभाग 7.5 वर, तर गणित विभाग 6.3 वर आहे. हा तक्ता बैठकीत ठेवल्याबरोबर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला की, मुले वर्षागणिक सुधारत आहेत आणि ही आपल्या अध्यापनाची पावती आहे. दुसऱ्या एका सदस्यांनी गणित विभागाकडून लेखी खुलासा मागवावा असे सुचवले, आणि तसे इतिवृत्तात नोंदवलेही गेले.

माझी अडचण येथे सुरू होते. गणिताचे आमचे सहकारी दर शनिवारी महाविद्यालय सुटल्यावर दोन तास थांबून मुलांकडून उदाहरणे सोडवून घेतात. फळा पुरत नाही म्हणून त्यांनी वर्गाच्या मागच्या भिंतीवरही काळा रंग मारून घेतला आहे. खुलासा मागवणारे पत्र माझ्या सहीने जाणार असेल, तर त्या 6.3 चा अर्थ मला आधी नीट कळायला हवा. संख्याशास्त्र हा माझा विषय नाही. वर्षांची आणि विभागांची अशी तुलना मुळात करता येते का, आणि येत असल्यास ती कशी करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर — संख्याशास्त्र_अध्यापिका

नमस्कार सर. पत्र अजून गेलेले नसेल तर कृपया ते थांबवून ठेवा, कारण आपल्या तक्त्यातील एकही आकडा सध्या ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला जात आहे, त्या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही.

सर्वप्रथम सीजीपीएविषयी. तो संचयी असतो, म्हणजे तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याच्या सीजीपीएमध्ये त्याची प्रथम आणि द्वितीय वर्षाची कामगिरीही मिसळलेली असते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला तीन वर्षांत समान श्रेयांकांवर (क्रेडिटवर) अनुक्रमे 6, 7 आणि 8 अशी वार्षिक सरासरी मिळाली, तर तिचा सीजीपीए 6, 6.5 आणि 7 असा दिसेल. म्हणजे तिची प्रत्यक्ष प्रगती दोन श्रेणीगुणांची असताना आपल्या तक्त्यात ती एकाच गुणाची दिसेल. म्हणून वर्षांची तुलना करायची असेल तर सीजीपीए बाजूला ठेवून प्रत्येक सत्राचा एसजीपीए (फक्त त्या सत्रापुरती सरासरी श्रेणी) घ्यावा आणि दोन सत्रांची सरासरी त्या त्या सत्राच्या श्रेयांकांनी भारित करून काढावी. श्रेयांकांचा भार सोडून दिला तर काय होते, तेही पाहा: चार श्रेयांकांच्या लेखी पेपरला 6 आणि दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला 9 श्रेणीगुण असतील तर साधी सरासरी 7.5 येते, पण भारित सरासरी 7 च येते. ज्या विभागांत लहान लहान प्रात्यक्षिके अनेक असतात, त्यांची साधी सरासरी यामुळे आपोआप फुगते.

याहून गंभीर बाब अशी की, 2024-25 मध्ये प्रथम वर्षात बसलेली मुले आणि तृतीय वर्षात बसलेली मुले ही वेगवेगळी माणसे आहेत. पाच विद्यार्थ्यांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यांचे श्रेणीगुण 8, 7, 6, 5 आणि 4 आहेत. सरासरी 6 आहे. शेवटची दोन मुले एटीकेटीत (काही पेपर राहूनही पुढच्या वर्षात बसण्याच्या सवलतीत) अडकली आणि पुढे शिक्षण सोडून गेली. उरलेल्या तिघांनी तिसऱ्या वर्षी पहिल्याइतकेच गुण मिळवले, तरी वर्गाची सरासरी 7 होते. या वर्गात एकाही मुलाची रतीभर सुधारणा झालेली नाही. फक्त दोन मुले वर्गातून गेली आहेत. आपल्या तक्त्यातील 6.4 ते 7.2 या वाढीत असा भाग किती आहे, हे पाहिल्याशिवाय तिला अध्यापनाची पावती म्हणणे म्हणजे गळालेल्या मुलांच्या जागेवर आपले यश उभे करणे होय. मला हे थोडे तीव्रतेने लिहावेसे वाटते, कारण मी स्वतः असा तक्ता एकदा सभागृहात अभिमानाने दाखवला होता आणि ती चूक माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली.

आता विभागांविषयी एक प्रश्न मीच आपल्याला विचारते. ‘गणित विभागाची सरासरी’ म्हणजे गणित हा विशेष विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी, की गणित विभागाने शिकवलेल्या सर्व पेपरांची सरासरी? जुन्या आकृतिबंधात (अभ्यासक्रमाच्या रचनेत) बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला विद्यार्थी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित असा गट घेऊन येतो आणि विशेष विषय पुढे ठरतो, त्यामुळे प्रथम वर्षाला ‘गणिताचा विद्यार्थी’ अशी काही वस्तूच नसते. पेपर धरून सरासरी काढली असेल, तर पुढे रसायनशास्त्राकडे जाणारी आणि गणित केवळ गटात आले म्हणून घेतलेली सारी मुले आपल्या 6.3 मध्ये मोजली गेली आहेत.

अशा वेळी एकूण सरासरी कशी उलटी दिसू शकते, याचे एक उदाहरण देते. आकडे काल्पनिक आहेत. ‘क’ विभागाचे प्रथम वर्षाचे 20 विद्यार्थी असून त्यांची सरासरी 6.2 आहे, आणि तृतीय वर्षाचे 80 विद्यार्थी असून त्यांची सरासरी 7.4 आहे. ‘ख’ विभागाचे प्रथम वर्षाचे 80 विद्यार्थी असून सरासरी 6.4 आहे, आणि तृतीय वर्षाचे 20 असून सरासरी 7.6 आहे. दोन्ही वर्षांत ‘ख’ विभाग पुढे आहे. पण एकत्र सरासरी काढा: ‘क’ ची 7.16 येते आणि ‘ख’ ची 6.64. दोन्ही पातळ्यांवर सरस असलेला विभाग एकूण तक्त्यात अर्ध्या गुणाने मागे पडतो, आणि याचे कारण एवढेच की त्याच्या वाट्याला प्रथम वर्षाची मुले जास्त आली.

संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण विद्यापीठातलेच आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 1973 साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना प्रवेश मिळाला, तर स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना. प्रथमदर्शनी हा भेदभावच वाटतो. मात्र सर्वांत मोठे सहा विभाग सुटे करून पाहिले तेव्हा त्यांपैकी चार विभागांत स्त्रियांच्या प्रवेशाचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघाले. ज्या विभागांत प्रवेश मिळणे कोणालाही अवघड होते, तेथे स्त्रियांनी तुलनेने अधिक अर्ज केले होते. म्हणून माझी विनंती अशी आहे की, विभागांची तुलना करताना प्रत्येक वर्षाची ओळ वेगळी ठेवावी आणि ‘एकूण’ हा रकाना तक्त्यात घालूच नये.

उत्तर — परीक्षा_विभाग_निवृत्त

मॅडमनी तात्त्विक बाजू उत्तम मांडली आहे. मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सव्वीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे ज्या कागदावरून आपण आकडे घेतले त्या कागदाविषयी थोडे सांगतो.

सर, आपली लेजर उघडून एखाद्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्याची ओळ पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘ओ’ ला 10, ‘ए प्लस’ ला 9 असे उतरत ‘पी’ ला 4 श्रेणीगुण असतात, तर अनुत्तीर्ण आणि गैरहजर या दोहोंना शून्य असते. त्यामुळे एका पेपरात नापास झालेल्या मुलाचाही एसजीपीए गणिताने काढता येतो. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी एकही पेपर राहिला असला की लेजरमध्ये एसजीपीएच्या रकान्यात आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा छापल्या जातात. एक्सेलचे सरासरीचे सूत्र रिकामे घर आणि मजकूर असलेले घर, दोन्ही वगळून पुढे जाते. काही चुकले असल्याचा इशाराही ते देत नाही. आपल्या सरासरीत हे घडले असेल, तर तो आकडा सर्व पेपरांत उत्तीर्ण झालेल्या मुलांपुरताच आहे, आणि प्रथम वर्षाला अशा रेघा सर्वाधिक असतात. म्हणजे मॅडमनी दाखवलेली गळती तृतीय वर्षाची सरासरी वर ढकलते, आणि या रेघा प्रथम वर्षाची सरासरी वर ढकलतात. दोन्ही दोष एकमेकांच्या उलट दिशेने काम करत असल्याने उरलेल्या फरकावरून खरी वाढ आकड्यापेक्षा जास्त आहे की कमी, हेही सांगता येणार नाही.

लेजर कोणत्या तारखेची आहे, तेही पाहावे. पहिला निकाल लागतो, त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचे निकाल येतात, मग एटीकेटीची परीक्षा होऊन जुन्या सत्राची श्रेणी बदलते. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याच्या प्रथम सत्राचा एसजीपीए आज पाहिला तर त्यात तिसऱ्या प्रयत्नात मिळालेली श्रेणीही असू शकते, आणि ती पहिल्या प्रयत्नाच्या श्रेणीशेजारी ठेवून तुलना करणे बरोबर नाही. शक्य असेल तर सर्व तुकड्यांसाठी पहिल्या प्रयत्नाचेच आकडे घ्यावेत.

2019-20 पासूनच्या आलेखाबाबत मात्र मी स्पष्ट विरोध नोंदवतो. मार्च 2020 मध्ये परीक्षा थांबल्या. त्या उन्हाळ्यात अंतिम वर्षाखालच्या मुलांची सत्र परीक्षा झाली नाही. आयोगाच्या एप्रिल 2020 च्या मार्गदर्शक सूचनांच्या धर्तीवर निम्मा भार अंतर्गत मूल्यमापनाला आणि निम्मा आधीच्या सत्राच्या कामगिरीला देऊन निकाल लावले गेले. अंतिम वर्षाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 28 ऑगस्ट 2020 रोजी परीक्षा घेणे आवश्यक असल्याचा निकाल लागला, आणि मग राज्यात त्या परीक्षा बव्हंशी ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात पार पडल्या. घरी बसून बहुपर्यायी प्रश्न सोडवून मिळालेली श्रेणी आणि सभागृहात बसून पुरवण्या जोडून मिळवलेली श्रेणी यांना एकाच रेषेवर बिंदू म्हणून ठेवले, तर तो आलेख मुलांविषयी काहीच सांगणार नाही. परीक्षेचे स्वरूप केव्हा बदलले, तेवढेच सांगेल. त्या काळात आमच्या विभागात निकाल लावणाऱ्या माणसांनी रात्री जागवल्या आहेत, त्यामुळे त्या निकालांना मी कमी लेखत नाही. त्यांची तुलना पुढच्या-मागच्या वर्षांशी करू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

यंदाचीही एक अडचण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा आकृतिबंध संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून प्रथम वर्षाला लागू झाला. म्हणजे आपल्या तक्त्यातील प्रथम वर्ष नव्या अभ्यासक्रमाचे आहे आणि द्वितीय व तृतीय वर्ष जुन्या अभ्यासक्रमाचे आहे. पेपरांची संख्या, श्रेयांक, अंतर्गत गुणांचा वाटा असे बरेच काही बदललेले असताना ती वर्षे शेजारी ठेवणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — भूगोल_अध्यापक

आपण दोघांनी वेळ काढून इतक्या तपशिलाने लिहिले, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे.

काल संध्याकाळी कार्यालयात बसून लेजर पुन्हा उघडली. दोन आडव्या रेघा असलेल्या ओळी प्रथम वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत, आणि मी त्या तशाच उतरवल्या होत्या. एका पानावर तर सलग सात ओळी रेघांच्या आहेत. माझी 6.4 ही सरासरी त्या सात जणांना ओळखतच नव्हती. ती मुले वर्गात माझ्यासमोर बसतात आणि त्यांपैकी चौघांना मी नावाने हाक मारतो, हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटले.

विभागाच्या सरासरीबाबत मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मी पेपर धरून सरासरी काढली होती. प्रथम वर्ष विज्ञानाच्या गटातील सर्व मुलांचे गणिताचे पेपर त्यात आहेत, आणि मराठी विभागात मात्र मी केवळ विशेष स्तरावरचे पेपर घेतले होते, कारण आवश्यक भाषेचे पेपर लेजरमध्ये वेगळ्या संकेतांकाखाली येतात. म्हणजे तुलनेची दोन टोके मी वेगवेगळ्या नियमांनी मोजली. आता मला असे विचारायचे आहे की, गणित आणि मराठी यांसारख्या एकमेकांपासून इतक्या दूरच्या विभागांची तुलना न्याय्य रीतीने करण्याचा काही मार्ग आहे का, की तो नादच सोडावा?

उत्तर — कोल्हापूर_ते_मॅसॅच्युसेट्स

नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची असून बरीच वर्षे अमेरिकेत अध्यापन करते. विभागांच्या सरासरीचा प्रश्न येथील काही विद्यापीठांनी धोरण म्हणून हाताळला आणि त्याचे परिणाम नीट नोंदले गेले आहेत, म्हणून आपल्या चर्चेत ते मांडावेसे वाटले.

वेलस्ली महाविद्यालयात मानव्यविद्या आणि बहुतेक सामाजिक शास्त्रांच्या विभागांत सरासरी श्रेणी उंच होत्या, तर विज्ञान आणि अर्थशास्त्रात त्या कमी होत्या. ही दरी कमी करण्यासाठी 2004 साली असा नियम करण्यात आला की, प्रारंभिक आणि मधल्या पातळीवरच्या, किमान दहा विद्यार्थी असलेल्या अभ्यासक्रमांची सरासरी ‘बी प्लस’ म्हणजे चारपैकी 3.33 च्या वर जाऊ नये. विज्ञान व अर्थशास्त्र यांना या नियमाने फरक पडला नाही, कारण ते आधीच त्याच्या खाली होते. ज्या विभागांना श्रेणी खाली आणाव्या लागल्या, तेथे नोंदणी घटली, तो विषय मुख्य म्हणून घेणारे विद्यार्थी कमी झाले आणि विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना दिलेले अभिप्रायही उतरले. यातून असे दिसते की, विद्यार्थी विषय निवडताना तेथे श्रेणी कशा मिळतात याचा विचार करतात, आणि विभागांना हे ठाऊक असते. वेलस्लीने तो नियम 2019 साली मागे घेतला.

प्रिन्स्टननेही 2004 पासून दहा वर्षे पदवीच्या अभ्यासक्रमांत ‘ए’ गटातील श्रेणी 35 टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे धोरण राबवले आणि 2014 मध्ये ते सोडून दिले. आपल्याला अधिक उपयोगी पडेल असे उदाहरण मात्र कॉर्नेलचे आहे. तेथे प्रत्येक अभ्यासक्रमाची मध्यक (उतरत्या क्रमातील मधल्या विद्यार्थ्याची) श्रेणी 1998 पासून संकेतस्थळावर जाहीर केली जाऊ लागली. माहिती खुली असेल तर श्रेणींचा अर्थ लावणे सोपे जाईल, असा त्यामागे विचार होता. पुढील अभ्यासात असे आढळले की, सैल श्रेणी देणाऱ्या अभ्यासक्रमांकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढला. अखेर 2011 मध्ये ती माहिती जाहीर करणे बंद झाले.

हे सांगण्यामागे माझा हेतू एवढाच आहे की, आपण तयार कराल तो विभागनिहाय तक्ता महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जाणार आहे की केवळ विभागप्रमुखांच्या टेबलावर राहणार आहे, हे आधी ठरवावे. नव्या आकृतिबंधात मुलांना गौण विषय आणि खुले वैकल्पिक विषय निवडायचे आहेत. गणित 6.3 आणि मराठी 7.5 असा फलक लागला, तर गणिताकडे वळू पाहणारी मुलगी तो वाचूनच मागे फिरेल, आणि गणिताच्या अध्यापकांवर पुढच्या वर्षी पेपर सोपा काढण्याचे दडपण येईल. त्याने मुलांचे गणित सुधारणार नाही.

उत्तर — संख्याशास्त्र_अध्यापिका

सर, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच लेजरमध्ये आहे, आणि ते शोधण्यासाठी कोणतेही महागडे सॉफ्टवेअर लागणार नाही.

जुन्या आकृतिबंधातल्या प्रथम वर्ष विज्ञानाच्या गटात तीच मुले एकाच वर्षी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असे तिन्ही विषय घेत होती. त्यांच्या बाबतीत ‘या विभागाकडे हुशार मुले गेली’ असे म्हणायला जागाच राहत नाही, कारण मूल तेच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गणिताच्या श्रेणीगुणांतून त्याच्याच रसायनशास्त्राचे श्रेणीगुण वजा करा आणि त्या वजाबाक्यांची सरासरी काढा. लेखी आणि प्रात्यक्षिक यांच्या वजाबाक्या मात्र वेगळ्या ठेवा, कारण प्रात्यक्षिकाचे गुण बहुतेक ठिकाणी वरच्या पट्ट्यातच असतात. तीच मुले गणितात सातत्याने खाली येत असतील, तर त्याचा अर्थ विषय अवघड आहे, किंवा तपासणी कडक आहे, किंवा शिकवणे कमी पडते आहे, यांपैकी काहीही असू शकतो. सरासरी या तिघांतून निवड करू शकत नाही. पण आपली मुले कच्ची आहेत की नाहीत हा प्रश्न तरी त्यातून बाजूला होतो.

गणित आणि मराठी यांत सामाईक मुले नाहीत, म्हणून तेथे पूल लागतो. पर्यावरण अभ्यासासारखा अनिवार्य पेपर सर्व शाखांतील मुले देतात. प्रत्येक विभागाच्या विद्यार्थ्यांची त्या सामाईक पेपरातील सरासरी काढा आणि विभागाच्या स्वतःच्या विषयातील सरासरी तिच्या शेजारी ठेवा. हा पूल थोडा डळमळीत आहे, कारण अशा पेपरातले प्रकल्पाचे गुण अनेकदा सर्वांना सारखेच दिले जातात आणि निबंधवजा उत्तरे लिहिण्यात भाषेच्या मुलांचा हात बसलेला असतो. तरीही, गणिताची मुले सामाईक पेपरात इतरांच्या बरोबरीने आहेत आणि केवळ गणितात खाली आहेत असे दिसले, तर खुलाशाचे पत्र कोणाला पाठवायचे हा प्रश्न पार वेगळा होतो.

सरासरीच्या शेजारी श्रेणींचे वितरणही द्यावे, असा माझा आग्रह आहे. गणिताच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना ठाऊक असते की, तेथे 10 श्रेणीगुण मिळवणारी मुलेही असतात आणि अनुत्तीर्णही बरेच असतात, कारण उदाहरण सुटले की पूर्ण गुण मिळतात आणि अडले की बहुतेक गुण जातात. भाषेच्या पेपरात ना कोणी सहजासहजी 90 च्या वर जाते, ना कोणी सहजासहजी 40 च्या खाली येते. अर्धी मुले 9 वर व अर्धी 5 वर असलेला वर्ग आणि सर्व मुले 7 वर असलेला वर्ग यांची सरासरी सारखीच असते, पण या दोन वर्गांना लागणारी मदत मात्र पूर्ण वेगळी असते.

लहान विभागांना विशेष जपावे. समजा, श्रेणीगुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा त्यांचा पसारा, 1.2 आहे. मग 144 विद्यार्थ्यांच्या विभागाच्या सरासरीची प्रमाण त्रुटी (केवळ योगायोगाने सरासरी साधारण किती हलू शकते, ते माप) 0.1 येते, आणि नऊ विद्यार्थ्यांच्या विभागाची 0.4. नऊ मुलांचा एखादा विभाग एका वर्षी 7.4 वर आणि पुढच्या वर्षी 6.8 वर आला, तर त्या घसरणीचे कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. एखाद-दुसऱ्या मुलाच्या आजारपणानेही तेवढा फरक पडतो. अशा विभागांची तीन वर्षांची आकडेवारी एकत्र करूनच बोलावे, आणि विद्यार्थिसंख्या सरासरीच्या शेजारी त्याच अक्षरांत छापावी.

वर्षांच्या तुलनेसाठी मी एकच रीत सुचवेन. यंदा तृतीय वर्षात असलेल्या मुलांचे पीआरएन (विद्यापीठाचे कायम नोंदणी क्रमांक) घ्या, त्याच पीआरएनचे 2022-23 मधले पहिल्या प्रयत्नाचे एसजीपीए काढा, आणि तीच मुले तीन वर्षांत कशी चालली ते दाखवा. जी मुले 2022-23 मध्ये होती आणि आज नाहीत, त्यांचा वेगळा रकाना करा.

ही सारी खटपट कशासाठी, असे कोणी बैठकीत विचारले तर एक गोष्ट जरूर सांगा. नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यायची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण हवेत. ही रेषा सर्व विभागांना सारखीच आहे. ज्या विभागात श्रेणी हात राखून दिल्या जातात, तेथील चांगली मुलगी त्या रेषेच्या खाली राहील आणि दुसऱ्या विभागातील तितकीच चांगली मुलगी वर जाईल. विभागांमधला तपासणीचा फरक मोजणे आवश्यक आहे ते या मुलींसाठी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — भूगोल_अध्यापक

मॅडम, आपण सांगितल्याप्रमाणे चार दिवस बसून काम केले. निकाल कळवतो.

पीआरएन जुळवल्यावर 2022-23 च्या प्रथम वर्ष विज्ञानातील 64 मुलांपैकी 41 मुले यंदा तृतीय वर्षात सापडली. त्याच 41 जणांची प्रथम वर्षाची आणि तृतीय वर्षाची सरासरी ठेवून पाहिली, तेव्हा आधी दिसलेली वाढ निम्म्याहून कमी राहिली, आणि उरलेल्या वाढीचा बराचसा भाग प्रकल्पाच्या श्रेयांकांतून आलेला आहे. लेखी पेपरांत ती मुले जवळपास होती तेथेच आहेत.

गणिताबाबत सांगायचे तर, त्याच तुकडीच्या प्रथम वर्षाच्या गटात मुलेच सारखी ठेवून वजाबाक्या केल्यावर लेखी पेपरांत भौतिकशास्त्र आणि गणित यांत फारसा फरक उरला नाही. खुलाशाचे पत्र पाठवू नये, असे मी प्राचार्यांना लेखी कळवले असून त्यांनी ते मान्य केले आहे. तक्ता संकेतस्थळावर न घालण्याचेही ठरले आहे. 2020 आणि 2021 च्या आकड्यांखाली त्या परीक्षा कशा झाल्या होत्या ते दोन ओळींत लिहून ते आलेखातून काढले आहेत.

आता माझ्यापुढे उरलेल्या 23 मुलांची यादी आहे. लेजरमध्ये त्यांच्यापैकी बहुतेकांच्या शेवटच्या ओळीत त्या दोन रेघाच आहेत. प्रवेश अर्जांवरून सोळा जणांचे भ्रमणध्वनी क्रमांक मिळाले. गणिताच्या आमच्या सरांनी त्यांतले आठ स्वतःकडे घेतले आहेत आणि उरलेल्या आठ जणांना मी या शनिवारपासून फोन करणार आहे.